प्रयोगशाळेची नोंदवही आणि हदगावचा रुग्ण

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर भागात पैनगंगेच्या काठाने हदगाव तालुका पसरला आहे. नदी ओलांडली की विदर्भातील उमरखेड तालुका लागतो. गावांबरोबरच वाड्या आणि बंजारा तांडे यांची येथे बरीच वस्ती असून जिल्ह्याचे ठिकाण हदगावपासून ६० ते ७० किलोमीटर दूर आहे. अशा भागात तांड्यावरील रुग्णाच्या रक्ताचा थेंब प्रयोगशाळेपर्यंत पोहोचविणे ही उपचाराची अर्धीच वाट होय. तपासणीत जे आढळले ते वेळेवर रुग्णापर्यंत परत आणणे ही उरलेली वाट अधिक अवघड असते आणि तिच्याकडेच सहसा दुर्लक्ष होते.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेत ठेवलेल्या नोंदवहीत रुग्णाचे नाव, वय, गाव, नमुना घेतल्याची व तपासल्याची तारीख आणि निष्कर्ष यांचे रकाने असतात. महिनाअखेर बेरजा करून अहवाल वर पाठविला की तिचे काम संपले, अशी एक समजूत रूढ आहे. ती बरोबर नाही. या वहीतील आडवी ओळ एका रुग्णाची हकिगत सांगते, तर उभा रकाना गावाची. दोन्ही वाचल्या तरच त्या आकड्यांचा उपयोग होतो.

हिवतापाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे परजीवी पाहिले. नांदेड जिल्हाही त्या वेळी त्याच निजामी राज्यात होता. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ पर्यंत देशातील रुग्णसंख्या सुमारे १ लाखापर्यंत खाली आली. पुढे १९७६ साली मात्र ती ६४ लाखांवर गेली. कीटकनाशकांना दाद न देणारे डास आणि फवारणीतील ढिलाई ही त्याची कारणे होतीच. परंतु तपासणीवाचून साचून राहिलेल्या काचपट्ट्या हेही एक कारण होते. त्या काळी रक्तनमुना घेतानाच तापाच्या रुग्णास क्लोरोक्विनच्या गोळ्या देत आणि समूळ उपचार अहवाल आल्यानंतर होत असे. अहवाल येईतो रुग्णाचा ताप उतरलेला असे, तो कामावर गेलेला असे. त्याच्या अंगातील परजीवी मात्र कायम असत.

म्हणून हिवतापाच्या नोंदीत नमुना घेतल्याची, तपासल्याची आणि उपचार सुरू झाल्याची अशा तीन तारखा शेजारीशेजारी ठेवून पाहणे अगत्याचे असते. त्यांतील अंतर वाढत असेल तर दोष कोठे आहे हे लगेच उमगते: नमुना उपकेंद्रात पडून राहिला, तंत्रज्ञाचे पद रिक्त आहे, की अहवाल गावी गेलाच नाही? परजीवीच्या जातीची नोंदही तितकीच मोलाची आहे. ‘व्हायव्हॅक्स’ हा प्रकार यकृतात दडून राहतो. त्यासाठी क्लोरोक्विन ३ दिवस दिल्यावरही प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. गरोदर स्त्रिया व तान्ही मुले यांना मात्र ते देत नाहीत. काही महिन्यांनी तेच नाव वहीत पुन्हा आले, तर डास पुन्हा चावला असे गृहीत धरण्यापूर्वी १४ दिवसांच्या गोळ्या पुऱ्या झाल्या होत्या का, हे विचारले पाहिजे. ‘फॅल्सिपेरम’चा उपचार वेगळा असून त्यात विलंब जिवावर बेततो.

गरोदर स्त्रीच्या हिमोग्लोबिनचा आकडा तर एकटा पाहून चालतच नाही. १०० मिलिलिटर रक्तात ११ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय आणि ७ पेक्षा कमी म्हणजे तीव्र रक्तक्षय. समजा, एका स्त्रीचे प्रमाण पाचव्या महिन्यात ८.४ आढळले, तिला लोहाच्या गोळ्या दिल्या आणि महिन्याने ते ८.६ भरले. नुसता दुसरा आकडा पाहणारा ‘मध्यम रक्तक्षय’ असे लिहून त्याच गोळ्या पुन्हा देईल. दोन्ही आकडे एकत्र पाहणाऱ्यास मात्र शंका येईल, कारण महिनाभराच्या उपचाराने किमान १ ग्रॅमची वाढ अपेक्षित असते. गोळ्या खाल्ल्या गेल्या नाहीत, चहाबरोबर घेतल्या, पोटात जंत आहेत, की रक्तक्षयाचे मूळच निराळे आहे, याचा शोध घेऊन तिला मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागते. आदिवासी समाजात अधिक आढळणारा सिकलसेल हा आजार अनेकदा असाच उघडकीस येतो. त्याची प्राथमिक चाचणी सोपी असली तरी वाहक कोण आणि रुग्ण कोण हे पुढील चाचणीनेच ठरते. पहिली चाचणी करून दुसरीचा निष्कर्ष कुटुंबास न कळविणे म्हणजे विनाकारण भीती पेरणे होय. या आजाराच्या निर्मूलनासाठी केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू केले.

आकडा खरा असेल तरच हे सारे शक्य होते. क्षयरोगाच्या तपासणीस खोकून काढलेला बेडका हवा असतो. डबीत नुसती थुंकी आली तर रोगी निरोगी ठरतो. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यासाठी एका मिलिलिटरमध्ये साधारणत: ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. सीबीनॅट यंत्र याहून पुष्कळच कमी जंतू ओळखते आणि रिफॅम्पिसिनला ते दाद देतात की नाही, हेही सुमारे २ तासांत सांगते. पण डबीवर नाव चुकीचे असेल तर यंत्र काय करणार?

पंचायत सदस्यांचे आणि शिक्षकांचे काम येथे येते. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत गावातून किती नमुने गेले, किती निष्कर्ष आले आणि उपचार किती दिवसांत सुरू झाले, एवढे तीन प्रश्न जरी विचारले तरी वहीतील उभा रकाना बोलू लागतो. रुग्णांची नावे मात्र बैठकीत वाचू नयेत. क्षयरोग अथवा सिकलसेल असल्याचे चारचौघांत कळल्याने मुलींची लग्ने अडतात, आणि मग लोक तपासणीसच येत नाहीत.

दसऱ्यानंतर ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या मजुरांचा प्रश्न याहून बिकट आहे. ऑक्टोबरात दिलेल्या नमुन्याचा निष्कर्ष नोव्हेंबरात आला, तर रुग्ण तोवर दुसऱ्या जिल्ह्यातील फडावर असतो. नमुना घेतेवेळीच त्याचा भ्रमणध्वनी क्रमांक, मुकादमाचे नाव आणि कारखान्याचे ठिकाण वहीत टिपून घेतले, तर आरोग्यसेवकास त्या भागातील आरोग्य केंद्राला कळविता येते. गरोदर स्त्रीने आपले माता व बाल संरक्षण कार्ड बरोबर नेले, तर तिचे मागचे आकडे तेथील डॉक्टरांच्या समोर येतात. नोंदवहीत या माहितीसाठी छापील रकाना नसला तरी शेऱ्याच्या रकान्यात ती सहज मावते.