तुकडे बारीक करा

भाराखाली वाकणारी फळी कोणता आकार घेते? ज्यात एकूण स्थितिज ऊर्जा सर्वांत कमी, तो. संगणक फळीचे तुकडे कल्पून हाच आकार शोधतो. मात्र तुकडे मोठे असले, तर त्याला मोजकेच आकार घेता येतात. खरा आकार हुकतो आणि रचना आहे त्याहून ताठ भासते.

नॉर्वेच्या ‘स्लाइप्नर ए’ या सागरी वायूफलाटाच्या गणितात तुकडे असेच ओबडधोबड होते. भिंतींना कापू पाहणारा जोर सुमारे ४७ टक्के कमी धरला गेला. सळ्याही अपुऱ्या पडल्या. २३ ऑगस्ट १९९१ रोजी काँक्रीटचा पाया चाचणीतच बुडाला. सुदैवाने माणसे वाचली.

म्हणून उत्तर आले, की मी तुकडे निम्मे करून पुन्हा गणित करतो. उत्तर सरकले, तर काम संपलेले नसते.