मुख्य कन्सोल कोणता?

घरात प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज एस आणि निन्टेंडो स्विच असे तिन्ही असले, तरी मोठा टीव्ही बहुधा एकच. हुमनाबादसारख्या गावात ग्राफिक्सच्या आधी डेटा आणि वीज पाहावी, असे माझे ठाम मत आहे.

आजचा मोठा खेळ १०० जीबीच्याही पुढे जातो. मोबाइल डेटावर चालणाऱ्या घरात तो उतरवणे जिकिरीचेच. सिरीज एसमध्ये डिस्क ड्राइव्हच नाही. ५१२ जीबीच्या मॉडेलमध्ये खेळांसाठी सुमारे ३६४ जीबी जागा उरते. डिस्क ड्राइव्ह असलेल्या पीएस ५ वर पीएस ४ च्या बहुतेक डिस्कही चालतात. त्या मित्राकडून आणता येतात, खेळून झाल्यावर विकता येतात. अपडेट तेवढे नेटवरून घ्यावे लागतात. माझा कौल म्हणूनच पीएस ५ ला.

वीज गेली की स्विच कामी येतो. पीएस ५ मोठ्या खेळात सुमारे २०० वॅट ओढतो. २०१९ नंतरचा स्विच बॅटरीवर साडेचार ते नऊ तास चालतो, बीदर-कलबुर्गी रेल्वेतही सोबत येतो. मात्र निन्टेंडो भारतात अधिकृतपणे कन्सोल विकत नाही, तेव्हा दुरुस्ती कुठे होईल ते आधी विचारून ठेवा.

‘मुख्य’ हे एक सेटिंगही असते. ‘होम’ ठरवलेल्या एक्सबॉक्सवर तुम्ही विकत घेतलेले डिजिटल खेळ घरातल्या इतर खात्यांनाही खेळता येतात, नेट नसतानाही बहुतेक चालतात. हे ‘होम’ वर्षातून पाचदाच बदलता येते.