मायबाप रसिक

थोर गायक आणि त्याचे श्रोते यांच्यात जिव्हाळा कसा निर्माण होतो? नुसता गोड गळा त्यास पुरत नाही. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (१८८८–१९६७), यांच्या उदाहरणावरून आपण हे पाहू.

बालगंधर्व प्रेक्षकांना ‘मायबाप’ म्हणत. हा शब्द तोंडदेखला नव्हता. १९११ साली मुंबईस ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी निवर्तली. तरीही रसिकांचा विरस होऊ नये म्हणून ते रंगभूमीवर उभे राहिले. असा त्याग मागण्याचा हक्क कोणत्याही श्रोत्यास नाही. तो त्यांनी न मागता केला, म्हणूनच लोक तो विसरले नाहीत.

दुसरा दुवा ‘वन्समोअर’चा. पद आवडले की प्रेक्षक ते पुन्हा मागत आणि बालगंधर्व ते पुन्हा गात. परंतु पहिल्याची नक्कल करून नव्हे, तर नव्या ताना-हरकती घेऊन. आपल्या हाकेने गाणे फुलले, असे प्रत्येकास वाटे. अशा वेळी श्रोता नुसता ऐकणारा न राहता त्या आनंदाचा भागीदार होई.

आज गायकाचा आवाज क्षणात घरोघर पोहोचतो. साधने बदलली, तरी मर्म तेच आहे. जो श्रोत्यांचे ऋण मानतो, त्यालाच श्रोते आपला मानतात. शाळेच्या संमेलनात गाताना आपणही समोरच्या शेवटच्या रांगेकडे याच भावनेने पाहावे, असे आम्हांस वाटते.