रक्तचाचणीतील ‘धोका’ म्हणजे निदान नव्हे

गर्भवतीच्या रक्तचाचणीच्या अहवालावर ‘हाय रिस्क’ हे शब्द दिसले, की घरावर चिंतेचे सावट पसरते. बाळात व्यंग आहे, असाच त्यांचा अर्थ घेतला जातो. प्रत्यक्षात ही चाचणी व्यंगाचे निदान करीतच नाही. पुढील तपासणी कोणाची करावी, हे ठरविणारी ती केवळ चाळणी आहे.

मानवी पेशीत सामान्यतः ४६ गुणसूत्रे असतात. २१ व्या क्रमांकाची दोनऐवजी तीन गुणसूत्रे आल्यास बाळाला डाऊन सिंड्रोम होतो. अशा मुलांची बौद्धिक वाढ मंदावते. अनेकांना हृदयदोषही असतो. मातेच्या वयाबरोबर ही शक्यता वाढते. ऐन विशीत ती सुमारे १५०० मध्ये एक, ३५ व्या वर्षी ३५० मध्ये एक, तर ४० व्या वर्षी १०० मध्ये एक असते.

अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान ‘डबल मार्कर’ चाचणी होते. तीत मातेच्या रक्तातील दोन घटक मोजतात. त्याला सोनोग्राफीत दिसणाऱ्या बाळाच्या मानेमागील द्रवाच्या जाडीची जोड दिली जाते. मातेचे वय धरून संगणक शक्यतेचा आकडा काढतो. ही वेळ हुकल्यास पंधरा ते वीस आठवड्यांत ‘क्वाड्रुपल’ चाचणी करता येते.

अहवालात ‘२५० मध्ये एक’ असे लिहिलेले असल्यास त्याचा अर्थ असा, की असा अहवाल आलेल्या २५० मातांपैकी २४९ जणींच्या बाळांना डाऊन सिंड्रोम नसतो. उलट ‘लो रिस्क’ ही संपूर्ण हमी नव्हे. गुणसूत्रे निर्दोष असूनही हृदयाचे वा अन्य अवयवांचे दोष असू शकतात. त्यासाठी अठरा ते वीस आठवड्यांची सविस्तर सोनोग्राफी आवश्यकच ठरते.

मातेच्या रक्तात गर्भाचा डीएनए आढळतो, हे डेनिस लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. त्यावर आधारित ‘एनआयपीटी’ चाचणी दहाव्या आठवड्यापासून करता येते. डाऊन सिंड्रोमची सुमारे ९९ टक्के प्रकरणे ती हेरते. मात्र हा डीएनए मुख्यतः वारेतून येतो, थेट बाळातून नव्हे. त्यामुळे तिचाही अहवाल क्वचित चुकतो. खात्रीसाठी वारेचा अंश किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासावे लागते. या तपासण्यांत गर्भपाताचा अल्प धोका असल्याने त्या सरसकट केल्या जात नाहीत.

येथे वेळेला मोल आहे. वैद्यकीय गर्भपात कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार, चोवीस आठवड्यांनंतर गंभीर व्यंगाच्या कारणास्तव गर्भपात करावयाचा झाल्यास वैद्यकीय मंडळाचे निदान लागते. चाचणी उशिरा केली, तर समुपदेशन आणि विचार यांसाठी दाम्पत्याला अवधीच उरत नाही. एनआयपीटीतून गर्भाचे लिंगही कळू शकते. पण ते सांगणे वा विचारणे १९९४ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे.

म्हणूनच पहिल्या तिमाहीतच डॉक्टरांशी या चाचण्यांविषयी बोलावे. अहवाल धोक्याचा आला, तरी निश्चित निदानाआधी गर्भाविषयी कोणताही निर्णय घेऊ नये. आणि निदान झाल्यावर काय करावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार शेजाऱ्यापाजाऱ्यांचा नव्हे, त्या मातेचा आहे.