महालक्ष्म्यांचे तीन दिवस आणि नवरा-बायको

मूल झाले की नवरा-बायकोच्या सहवासातले समाधान सरासरीने थोडे उतरते. मानसशास्त्रज्ञ जीन ट्वेंगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केला, तेव्हा ही घट तान्ह्या बाळांच्या आयांमध्ये सर्वांत ठळक दिसली. धर्माचरणाने ही घट भरून निघते का? मानसशास्त्रज्ञ अ‍ॅनेट महोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये 97 अमेरिकी जोडप्यांचा अभ्यास केला. प्रार्थना, पूजा, सण मिळून करणाऱ्या आणि लग्नाला पवित्र मानणाऱ्या जोडप्यांत भांडणे कमी आणि समजूत अधिक आढळली. एकट्याच्या भक्तीचा संबंध तितका घट्ट नव्हता. अर्थात, ज्यांचे मुळात पटते तीच जोडपी देवळातही बरोबर जातात, हेही खरे असू शकते.

मिळून केलेल्या धर्माचरणाचा हाच प्रश्न ग्वाल्हेरच्या मराठी घरांत पाहता येतो. 1810च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ ग्वाल्हेरला पडला आणि त्या तळातून वसलेल्या ‘लष्कर’ या भागात मराठी कुटुंबे स्थिरावली. आज बाहेर हिंदी बोलणाऱ्या या घरांत मराठीपण टिकते ते बरेचसे कुलाचारातून: गणपती, नवरात्र, चंपाषष्ठी, तिथल्या ढोलीबुवांच्या मठातले कीर्तन. त्यांत महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, सर्वांत कसोटीच्या. अनुराधा नक्षत्रावर मुखवटे घरात येतात, कुंकवाच्या पावलांवरून ताट वाजवत मुले पुढे चालतात. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजा, पुरणपोळी आणि सोळा भाज्या. मूळ नक्षत्रावर निरोप.

नवरा मुखवटे बसवतो, बायको साड्या नेसवते, मुलगी निऱ्या धरते, अशा घरात वर्षभराची धावपळ थांबून सगळे एका कामाला लागतात. सत्यनारायणाला दांपत्य पाटावर बसते, बायको नवऱ्याच्या हाताला हात लावते. लहान मुलांच्या आईबापांना असे निवांत शेजारी बसायला एरवी कितीदा मिळते? पण अनेक घरांत चित्र वेगळे असते. पहाटेपासून सोवळ्यात स्वयंपाक बाईने करायचा, रडणाऱ्या बाळाला जवळही घ्यायचे नाही, आणि नवरा पूजेपुरता येऊन पंगतीला बसणार. तिथे सण जोडप्याला जवळ आणत नाही, उलट थकवा आणि कुरबूर वाढवतो.

कुलाचार टिकवायचा असेल तर भाज्या चिरणे, भांडी घासणे आणि बाळ सांभाळणे हेही पुरुषांनी पूजेइतकेच आपले मानले पाहिजे.