धार-देवासच्या स्वयंपाकघरात फ्रेंच 'क्रोक-मस्यो': हॅम आणताना काय बघाल, ओव्हन नसेल तर काय कराल?

पोहे-जिलेबीच्या माळव्यात सँडविच म्हटलं की बटाट्याचं, नाही तर काकडी-टोमॅटोचं. फ्रेंचांचं 'क्रोक-मस्यो' वेगळं पडतं ते दोन गोष्टींनी. आत हॅम, म्हणजे मीठ लावून मुरवलेलं डुकराच्या मांडीचं मांस. आणि वरून पांढरा सॉस व चीज घालून भाजणं. 'क्रोक' म्हणजे कुरकुरीत चावणं, 'मस्यो' म्हणजे महाशय. वर तळलेलं अंडं ठेवलं की त्याचीच 'मादाम' होते.

खरी अडचण हॅमची. इंदूरहून आणायचं तर देवास साधारण 35 ते 40 किलोमीटर, धार त्याहून बरंच लांब. मे महिन्यात बसमध्ये पिशवीत घेऊन बसलात तर हॅम वाया गेलंच समजा. शिजवलेलं मांस बाहेरच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि पारा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. म्हणून बर्फ घातलेला डबा किंवा थर्मोकोलचं खोकं सोबत न्या, आणि हॅम सगळ्यात शेवटी घ्या. पाकिटावर 'कूक्ड' लिहिलंय का ते बघा. छापलेली तारीख बंद पाकिटाची असते. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवून 3 ते 5 दिवसांत संपवा. गरोदर बाईला द्यायचं असेल तर आधी वाफ येईपर्यंत गरम करून मगच द्या. डुक्कर नको असेल त्यांनी चिकन हॅम वापरावं, चव थोडी सौम्य होते, बाकी कृती तीच.

चार सँडविचसाठी सॉस असा: 20 ग्रॅम लोणी वितळवा, त्यात 20 ग्रॅम मैदा मंद आचेवर दोन मिनिटं परता, रंग बदलू देऊ नका. मग 250 मिली दूध थोडं थोडं घालत ढवळा. एकदम ओतलंत तर गाठी झाल्याच. चमच्याच्या पाठीवर थर बसला की उतरवा, चिमूटभर जायफळ किसून घाला. मीठ शक्यतो नको. हॅम आणि चीज दोन्ही खारट असतात.

चीजबद्दल थोडं. फ्रान्समध्ये ग्रुयेर किंवा एमेंटाल घालतात. आपल्याकडचं प्रोसेस्ड चीज मऊ होतं, पण नीट तपकिरी होत नाही. मोझरेला आणि चेडार निम्मं निम्मं घेतलं तर काम होतं; एका सँडविचला 35-40 ग्रॅम पुरे. घरात कुणी शाकाहारी असेल तर ध्यानात घ्या, अस्सल ग्रुयेर वासराच्या रेनेटने जमवतात. आपल्या चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका आहे का तेवढं पाहिलं की झालं. मांसाहारी पाकिटावर आता तपकिरी त्रिकोण असतो.

ब्रेडच्या एका बाजूला मोहरीची पेस्ट, मग हॅम, थोडं चीज, दुसरा ब्रेड. तव्यावर लोण्यात दोन्हीकडून सोनेरी करा. मग वर सॉस आणि उरलेलं चीज. ओव्हन असेल तर 200 अंशांवर 8-10 मिनिटं, शेवटी वरची आच.

ओव्हन नाही? बाफले भाजायचा गॅस तंदूर घरात असेलच! तो आधी चांगला तापवा, सँडविच जाळीवर थेट न ठेवता छोट्या ताटलीवर ठेवा, नाही तर तळ करपेल, झाकण लावा. चीज वितळतं, रंग ओव्हनइतका येत नाही. मला तरी तो चालतो. जिथे तंदूरही नाही तिथे झाकण ठेवलेला तवा, मंद आच.

शाकाहाऱ्यांसाठी हॅमऐवजी पाणी आटेपर्यंत परतलेले मशरूम घाला, पण त्यांचा तवा वेगळा ठेवा आणि त्यांची सँडविचं आधी भाजून घ्या. खाताना सुरी-काटा लागतो, सॉस हाताला लागतो. उरलेला सॉस झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो. परत गरम करताना चमचाभर दूध घाला.