सर का चिडतात?

"सर लई चिडके आहेत," असं पोरं घरी येऊन सांगतात. मग आपण सरांना तरी बोल लावतो, नाही तर पोराला. आम्ही आरोग्याचं काम करणाऱ्या बाया आधी वेगळंच विचारतो. सरांची झोप होते का? बीपी कधी तपासलंय का?

नववी-दहावीला शिकवणं म्हणजे घसा आणि पाय झिजवणं, आणि मनही. वर्गात साठ पोरं असतात. कुणी उपाशी आलेलं, कुणी रात्रभर घरातलं भांडण ऐकलेलं. मागच्या बाकावरचं पोर उलट बोललं की सरांची छाती धडधडते, कान तापतात. राग चढतोय हे त्याच क्षणी स्वतःला कळणं, आणि पोराच्या उद्धटपणामागे भीती आहे का ते ओळखणं, याला भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. अमेरिकेतल्या सॅलोवे आणि मेयर यांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली. राग गिळणं म्हणजे ही समज नव्हे. गिळलेला राग घरी कुणावर निघतो, ते बायांना काय सांगायचं!

दुसरी गोष्ट म्हणजे "मला हे जमेल" हा विश्वास. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये त्याचे चार झरे सांगितले: स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्या माणसाला जमलेलं पाहणं, भरवशाच्या माणसाचा शब्द आणि शरीराची अवस्था. शेवटचा झरा लोक विसरतात. न झोपलेल्या शिक्षकाची छाती धडधडली की त्याला वाटतं, आपल्याला वर्ग सांभाळता येत नाही. तिथून "या वस्तीतल्या पोरांना गणित येणारच नाही" इथवर जायला वेळ लागत नाही. घरात पहिल्यांदाच नववीपर्यंत पोचलेली पोरगी असल्या वाक्यानंही शाळा सोडते.

वर्गात शिरण्याआधी पाच-सहा श्वास सावकाश घ्यावेत, सोडताना जास्त वेळ लावावा. ठोके मंदावतात. पण साठांच्या वर्गाला श्वासाचा उपाय पुरत नाही, त्यासाठी पालकसभेत उठून जादा शिक्षक मागावा लागतो. भरवशाचा शब्द मात्र आपल्याच हातात आहे. मोघम "छान शिकवता" नको. "बाई, तुम्ही परत समजावलंत म्हणून पोरीला समीकरणं सुटायला लागली," असं नेमकं सांगा. मारहाण झाली तर ताणाचं कारण ऐकून घेऊ नका, मुख्याध्यापकांना लेखी द्या.

दोन आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, असं असेल तर सरकारच्या टेलि-मानसला १४४१६ वर फोन करावा. फोन मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. नंबर सरांनाही द्या.